दंतरोपण : हाडाला वेळ द्या!

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. पोहरादेवीची रामनवमीची यात्रा नुकतीच आटोपली होती. जवळच्या एका तांड्यावरचे साठीतले एक गृहस्थ माझ्या दवाखान्यात आले. खालच्या जबड्याची उजवीकडची दाढ त्यांनी तीन वर्षांपूर्वी काढून टाकली होती. आता महिन्याभरावर नातीचे लग्न आले होते आणि शहरातील एका दंतवैद्याकडे 'स्क्रूचा दात' बसवून घेण्याचे त्यांनी ठरवले होते. दंतवैद्याने माझी चिठ्ठी मागितली होती.

"डाक्टरसाहेब, माणूस फिट आहे म्हणून लिहून द्या. बाकी काही नाही," ते म्हणाले.

मी रक्तदाब पाहिला, छाती तपासली, कोणत्या गोळ्या चालू आहेत ते विचारले आणि चिठ्ठी लिहून दिली. रक्तातील साखर तपासली नाही. माणूस धडधाकट, शेतात राबणारा. तक्रार कसलीच नव्हती. ही माझी चूक होती आणि ती मी पुढे सांगणारच आहे.

दंतवैद्याने स्क्रू बसवला. तीन महिने थांबा, मग दात लावू, असे त्यांनी बजावले होते. पण लग्नात तोंड बोळके दिसायला नको म्हणून आमच्या गृहस्थांनी हट्ट धरला. शेवटी स्क्रूवर एक तात्पुरता दात, केवळ दिसण्यापुरता, बसवून मिळाला. त्यावर काही चावायचे नाही ही अट होती. दहा दिवसांत दुखणे थांबले, सूज उतरली. लग्न लागले, पंगती बसल्या आणि पाहुण्यांच्या आग्रहात मटणाच्या हाडावर नेमका तोच दात चालला. पुढच्या आठवड्यात दात हलू लागला. आणखी काही दिवसांनी ते कागदात गुंडाळलेला स्क्रू घेऊन माझ्यासमोर उभे होते.

"हे पाहा. पैसे बी गेले अन् दात बी गेला. खिळाच खराब होता!"

खिळा खराब नव्हता. दंतवैद्याचे कामही चोख होते. मग बिघडले कुठे? हा प्रश्न आता अनेक घरांतून विचारला जाऊ लागला आहे. पूर्वी अकोला-नागपूरला जाऊन करावी लागणारी ही शस्त्रक्रिया आता तालुक्याच्या गावापर्यंत येऊन पोहोचली आहे. म्हणून आज हा विषय घेतला आहे. मी दंतवैद्य नाही. पण हाड कसे भरते हे हाताचे असो की जबड्याचे, शरीराचे एकच शास्त्र आहे.

दात आणि स्क्रू यांत फरक काय?

आपला नैसर्गिक दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक पातळ थर असतो. साधारण पाव मिलिमीटर जाडीचा. बैलगाडीच्या बैठकीखाली गवताची गादी असावी, तसे त्याचे काम. भाकरीत खडा आला की आपण दचकून थांबतो, ती जाणीव मुख्यतः याच थरामुळे होते.

दंतरोपणात दाताच्या मुळाच्या जागी टायटॅनियम धातूचा एक लहानसा स्क्रू हाडात बसवतात. तो साधारणपणे साडेतीन ते पाच मिलिमीटर जाड आणि आठ ते तेरा मिलिमीटर लांब असतो. त्याच्याभोवती तंतूंची गादी नसते. हाड थेट धातूला जाऊन भिडते. हे भिडणे जितके पक्के, तितका दात पक्का. पहिल्या काही आठवड्यांत स्क्रूला मुख्य आधार असतो तो त्याच्या आट्यांचा. पुढची सारी वर्षे दात उभा राहतो तो शरीराने स्वतः बांधलेल्या नव्या हाडाच्या जोरावर. दंतवैद्य स्क्रू बसवतो, पण तो धरून ठेवतो रोग्याचा जबडा.

एका सशाने शिकवलेला धडा

हा शोध योगायोगाने लागला. १९५२ साली स्वीडनमध्ये डॉ. पेर-इंग्वार ब्रॉनेमार्क हे हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी त्यांनी सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची एक लहान नळकांडी बसवली होती. तिच्यातून सूक्ष्मदर्शकाखाली आत वाहणारे रक्त दिसत असे. प्रयोग संपल्यावर महागडी नळकांडी काढून पुन्हा वापरावी असा त्यांचा विचार होता. पण ती निघेना! हाड धातूला असे चिकटले होते की दोन्ही वेगळे करता येईनात.

दुसऱ्या एखाद्या संशोधकाने नशिबाला बोल लावला असता. ब्रॉनेमार्क यांनी मात्र त्याचाच अभ्यास सुरू केला. १९६५ साली त्यांनी जबड्याच्या जन्मजात दोषामुळे दात नसलेल्या एका माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. त्या गृहस्थांनी ते २००६ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, चाळीस वर्षे वापरले. तरीही जगभरच्या दंतवैद्यांना ही गोष्ट पटायला १९८२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी कॅनडातील टोरांटो येथे झालेल्या परिषदेत त्यांचे पुरावे मान्य झाले. ब्रॉनेमार्क २०१४ साली वारले.

टायटॅनियमच का? लोखंडाला गंज चढतो, तो वाढत जातो आणि लोखंड खातो. टायटॅनियमवर हवा लागताच ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर चढतो आणि तिथेच थांबतो. हा थर इतका स्थिर असतो की शरीर त्याला परके म्हणून बाहेर ढकलत नाही. या धातूचे खनिज आपल्याच राज्यात, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतही सापडते.

हाड भरते कसे?

हात मोडला की आपण प्लास्टर घालतो. का घालतो? हाड सांधायला प्लास्टर काहीच करीत नाही. ते फक्त हाताला हलू देत नाही. सांधण्याचे काम शरीर करते. जबड्यातील स्क्रूभोवतीही हेच घडते, टप्प्याटप्प्याने.

पहिला दिवस : ड्रिलने भोक पाडले की रक्त येते. ते स्क्रूच्या आट्यांत भरते आणि त्याची गुठळी होते. ही गुठळी म्हणजे घाण नव्हे. पुढच्या बांधकामाची ती पहाड आहे. पहिल्या दिवशी जोरजोराने चुळा भरल्या, पिचकाऱ्या मारल्या तर जखमेवरची गुठळी निघून जाण्याचा धोका असतो.

पहिला आठवडा : पांढऱ्या पेशी जागा साफ करतात. मग बारीक नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात. त्यांच्याबरोबर हाड बांधणाऱ्या पेशी येतात. रस्ता झाल्याशिवाय विटा-रेती येत नाही, तसे रक्तवाहिनी आल्याशिवाय हाड येत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे.

दुसरा ते सहावा आठवडा : हाड बांधणाऱ्या पेशी घाईघाईने कच्चे हाड घालतात. जुन्या हाडाकडून स्क्रूकडे आणि स्क्रूच्या पृष्ठभागावरून जुन्या हाडाकडे, असे दोन्ही बाजूंनी काम चालते. हे हाड विस्कळीत असते. मातीच्या ओल्या भिंतीसारखे. भिंत उभी दिसते, पण तिच्यावर छप्पर टाकता येत नाही.

तिसरा महिना आणि पुढे : कच्चे हाड हळूहळू काढले जाते आणि त्या जागी थरावर थर घातलेले पक्के हाड येते. चावण्याचा दाब ज्या दिशेने येतो, त्या दिशेला हाड अधिक भक्कम होते. हे काम वर्षभर, आणि थोडेबहुत जन्मभर चालू राहते. पक्क्या झालेल्या स्क्रूलाही सगळीकडून शंभर टक्के हाड चिकटलेले नसते. सूक्ष्मदर्शकाखाली अधूनमधून मोकळ्या जागा दिसतात. त्याने काही बिघडत नाही.

जुन्या पद्धतीत खालच्या जबड्यासाठी तीन महिने आणि वरच्या जबड्यासाठी सहा महिने थांबत असत. वरचे हाड भुसभुशीत असते म्हणून हा फरक. आता स्क्रूचा पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत करतात, त्यामुळे चांगल्या हाडात सहा ते आठ आठवड्यांतही दात लावता येतो. पण किती थांबायचे हे तुमचे हाड पाहून दंतवैद्याने ठरवायचे असते, लग्नाची तारीख पाहून नव्हे.

धोक्याचा तिसरा-चौथा आठवडा

आता आमच्या गृहस्थांचे काय झाले ते पाहू. स्क्रू बसवल्या दिवशी तो घट्ट असतो, कारण तो जुन्या हाडात आवळून बसवलेला असतो. लाकडात आवळलेल्या स्क्रूसारखा. पण ड्रिल करताना भोकाच्या कडेचे थोडे हाड दुखावते आणि मरते. हाड खाणाऱ्या पेशी ते मेलेले हाड पोखरून काढून टाकतात. काढल्याशिवाय नवे घालता येत नाही. म्हणजे जुना आधार कमी होत जातो आणि नवा आधार अजून कच्चाच असतो. साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हे दोन्ही आधार कमी पडतात. त्या दिवसांत स्क्रू पहिल्या दिवसापेक्षाही कमी घट्ट असतो!

आणि दुखणे? ते तर दहाव्या दिवशीच थांबलेले असते. खरी फसगत इथेच होते. दुखत नाही म्हणजे भरले, असे रोग्याला वाटते. जखम वरून मिटली, पण खाली हाड कच्चेच आहे.

स्क्रू किती हलला तर चालतो? केसाच्या जाडीइतका, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा हलला तर हाड सहन करते. त्याहून फार जास्त, आणि पुन्हा पुन्हा हलला, की हाड बांधणाऱ्या पेशींचे काम मोडते आणि स्क्रूभोवती हाडाऐवजी चिवट तंतूंचा पडदा तयार होतो. एकदा हा पडदा झाला की त्याचे हाड होत नाही. स्क्रू काढावाच लागतो. संत्र्याच्या खुंटावर डोळा बांधणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. बांधलेला डोळा हलत राहिला तर कलम धरत नाही.

काही रोग्यांना दंतवैद्य लगेच दात बसवतात हे खरे आहे. हाड उत्तम असेल, स्क्रू पुरेसा घट्ट बसला असेल किंवा अनेक स्क्रू एकमेकांना जोडून बांधले असतील तर ते योग्यच असते. पण त्यातही पहिले काही आठवडे मऊ अन्नाचे पथ्य असतेच.

हाडाचे शत्रू

एक, उष्णता. हाड ४७ अंश सेल्सिअसला एक मिनिट राहिले तरी त्याचे नुकसान होते. म्हणून चांगला दंतवैद्य धारदार ड्रिल वापरतो, टप्प्याटप्प्याने भोक मोठे करतो आणि सतत सलाइनचे गार पाणी सोडतो. शस्त्रक्रियेला वेळ लागला तर कुरकुर करू नका.

दोन, साखर. मधुमेह ताब्यात नसेल तर बारीक रक्तवाहिन्यांचे काम मंदावते, हाड बांधणाऱ्या पेशी सुस्तावतात आणि जंतू माजतात. आमच्या गृहस्थांची साखर मी तेव्हा तपासली. तीन महिन्यांच्या सरासरीची, एचबीए१सी ही तपासणी नऊच्या वर निघाली! त्यांना मधुमेह असल्याचे त्या दिवशी प्रथमच कळले. मटणाच्या हाडाने स्क्रू हलवला हे खरे, पण त्यांच्या जबड्यात हाडही मंद गतीने भरत होते. चिठ्ठी देण्याआधी मी ही एक तपासणी केली असती तर दंतवैद्याला इशारा मिळाला असता. मी ते त्यांना तसेच सांगितले. मधुमेह्याला दंतरोपण करता येत नाही असे मुळीच नाही. साखर सात-आठच्या आत आणावी आणि मग करावे.

तीन, तंबाखू. आपल्या भागात खर्रा घोटणाऱ्यांची संख्या काय वर्णावी! विडी-सिगारेटच्या धुराने रोपण निकामी होण्याचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट होते. निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आकसून टाकते, आणि रक्तवाहिनी नाही तिथे हाड नाही हे आपण वर पाहिलेच. खऱ्र्यातही तंबाखू आहेच. शिवाय तो नेमका हिरडीला लागून तासन् तास दाबून ठेवला जातो. त्यातील सुपारीने तोंड उघडणे कमी होत जाते. दोन बोटे मावत नाहीत अशा तोंडात दंतवैद्याचे हत्यार कसे जाणार? आणि असे तोंड आखडणे ही कर्करोगाआधीची पायरी असू शकते. तेव्हा दाताआधी ते दाखवा.

चार, काही औषधे. हाडे ठिसूळ झाल्यामुळे आठवड्याला एक गोळी किंवा वर्षातून एकदा सलाइनमधून इंजेक्शन घेणाऱ्या आयाबहिणी आहेत. कर्करोग हाडात पसरू नये म्हणूनही अशी इंजेक्शने देतात. ही औषधे हाड खाणाऱ्या पेशींना थोपवतात. त्यामुळे जबड्याचे हाड क्वचित भरतच नाही आणि उघडे पडते. दंतवैद्याला हे आधी सांगितलेच पाहिजे. जबड्याला किरणोपचार झाले असतील तर तेही सांगावे. मात्र आपल्या मनाने औषध बंद करू नये.

पाच, घाण. स्क्रूभोवती तंतूंची गादी नसल्याने हिरडीखाली शिरलेले जंतू थेट हाड पोखरू लागतात, तेही बहुधा न दुखता. सुरुवातीच्या वर्षी स्क्रूच्या तोंडाशी एक-दीड मिलिमीटर हाड झिजणे समजण्यासारखे आहे. त्यानंतर झीज जवळपास थांबली पाहिजे. ब्रश करताना रक्त येणे, पू येणे, वास येणे ही लक्षणे दिसताच जावे. मिश्री, राखुंडी, कोळसा बंद. मऊ ब्रश, फटींसाठी बारीक ब्रश आणि सहा महिन्यांनी तपासणी एवढे करावे.

वाचकांच्या काही शंका

दात काढून बरीच वर्षे झाली. आता रोपण होईल का? दात गेला की त्या जागेचे हाड निकामी समजून शरीर ते आटवते. पहिल्याच वर्षी हाडाची रुंदी साधारण निम्म्याने घटते आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांत होते. तेव्हा विचार करायचा तर दात काढतानाच करावा. उशीर झाला असेल तर हाडाची भर घालून रोपण करता येते, पण खर्च आणि वेळ दोन्ही वाढतात.

वय आड येते का? सत्तरीतही हाड भरते. वयापेक्षा साखर, तंबाखू आणि स्वच्छता यांना महत्त्व आहे. उलट जबड्याची वाढ चालू असलेल्या मुलांना हे करीत नाहीत.

आमच्याकडचे लोक ऊसतोडीला जातात. मग? स्क्रू बसवून लगेच सहा महिने कारखान्यावर निघून जाऊ नये. टाके काढणे, हाड धरले की नाही ते पाहणे यासाठी यावेच लागते. परत आल्यावरच काम सुरू करावे.

इतका खर्च झेपत नसेल तर? चांगली कवळी किंवा शेजारच्या दातांवर बसवलेला पूल हेही उत्तम उपाय आहेत, त्यात कमीपणा नाही. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय, वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) आणि अमरावती येथील दंत महाविद्यालये आपल्याला जवळची आहेत. तिथे चौकशी करावी. मात्र जत्रेत, बाजारात फडक्यावर दात मांडून बसणाऱ्याकडून तारेने दात बांधून घेऊ नये. त्याने शेजारचे चांगले दातही जातात.

पुढे काय झाले?

आमचे गृहस्थ त्या दिवशी दंतवैद्याविरुद्ध तक्रारीचा कागद लिहून मागत होते. तासभर समजावल्यावर ते शांत झाले. साखरेच्या गोळ्या सुरू केल्या, पथ्य सांगितले. खर्रा सोडायला मात्र त्यांना दोन महिने लागले. "डाक्टरसाहेब, दातापायी तोंडच बंद केलं तुमी," असे म्हणत म्हणत सोडला. स्क्रू काढलेली जागा चार महिन्यांत भरून आली. दसऱ्यानंतर, साखर सातच्या आसपास आल्यावर, त्याच दंतवैद्याने त्याच जागी दुसरा स्क्रू बसवला. या वेळी वर दात नाही, हट्ट नाही. फेब्रुवारीत क्ष-किरण चित्र काढले, हाड धरलेले दिसले, मग दात बसला.

पुढच्या रामनवमीला यात्रेच्या गर्दीतून वाट काढत ते दवाखान्यात आले. खिशातून मूठभर फुटाणे काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवले आणि त्यांतले दोन उजव्या दाढेखाली फोडून दाखवले. मी म्हणालो, "काका, फुटाणे ठीक आहेत. मटणाची हाडे मात्र कुत्र्यालाच टाका."

आता माझ्याकडे दंतरोपणासाठी चिठ्ठी मागायला कोणी आले की मी आधी साखर तपासायला पाठवतो. वाचकहो, तुमच्या डॉक्टरने सांगितली नाही तर तुम्ही स्वतःहून मागा.